अज्ञातासाठी राखलेली तिजोरी

विज्ञानाला पैसा पुरवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या संस्थांपैकी एक अशी आहे, की तिच्या मुख्यालयात एकही प्रयोग होत नाही. वॉशिंग्टनजवळ, पोटोमॅक नदीच्या पलीकडे, व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहरातून तिचा कारभार चालतो. नाव नॅशनल सायन्स फाउंडेशन. सगळे तिला एनएसएफ म्हणतात. अमेरिकी सरकारच्या या संस्थेची वर्षाची तरतूद अलीकडच्या काळात सुमारे ९ अब्ज डॉलर राहिली आहे. दरवर्षी देशभरातून ४० हजारांच्या आसपास प्रस्ताव येतात आणि त्यांतला साधारण चौथा हिस्सा मंजूर होतो. कुठे एखाद्या गणितज्ञाला दोन विद्यार्थ्यांचे विद्यावेतन आणि थोडा निवांत वेळ हवा असतो, तर कुठे दक्षिण ध्रुवावरच्या एक घन किलोमीटर बर्फात ५ हजारांहून जास्त संवेदक गाडून न्यूट्रिनो नावाचे कण पकडायचे असतात. 'आइसक्यूब' नावाचा हा दुसरा उद्योगही याच तिजोरीतून उभा राहिला आणि २०१० च्या डिसेंबरात पूर्ण झाला.

पैसा वाटणे हे काही अवघड काम वाटत नाही. पण रस्त्याचे टेंडर काढताना सरकारला रस्ता कुठून निघून कुठे पोहोचणार ते ठाऊक असते. संशोधनात नेमके तेच ठाऊक नसते. असते तर संशोधन करायचे कशाला? जनतेच्या करातून आलेला पैसा, निकालाची खात्री नसलेल्या कामावर, तरीही हिशेबाला धरून कसा खर्च करायचा? अमेरिकेने पाऊणशे वर्षांपूर्वी या प्रश्नावर एक व्यवस्था बसवली. माझ्या मते ती व्यवस्था हाच एक थोर शोध आहे.

तिचा आराखडा मांडला व्हॅनेव्हार बुश यांनी. (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या बुश पितापुत्रांशी यांचे काही नाते नाही.) बुश पेशाने विद्युत अभियंता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या वैज्ञानिक संशोधन व विकास कार्यालयाचे ते प्रमुख होते. रडार, पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन, अणुबॉम्बच्या कामाची सुरुवात, या सगळ्यांशी त्या कार्यालयाचा संबंध होता. नोव्हेंबर १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना पत्र लिहून विचारले, की युद्धात बसलेली ही घडी शांततेच्या काळात कशी उपयोगी पडेल? उत्तरादाखल बुश यांनी जुलै १९४५ मध्ये 'सायन्स, द एंडलेस फ्रंटियर' हा अहवाल दिला. तोवर रूझवेल्ट वारले होते, त्यामुळे तो नवे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या टेबलावर गेला. अहवालाचा गाभा असा: नव्या वस्तू, नवी औषधे, नवी शस्त्रे शेवटी मूलभूत संशोधनातून येतात, ते संशोधन नफ्यावर चालणारा उद्योग करणार नाही, म्हणून पैसा सरकारने द्यावा आणि काय शोधायचे हे शोधणाऱ्यांवर सोपवावे.

यातला शेवटचा भाग वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर हार्ली किल्गोर यांना मुळीच मान्य नव्हता. पैसा जनतेचा, तर त्याची दिशा ठरवताना जनतेचे प्रतिनिधी बाजूला का? आणि सगळी रक्कम चार नामांकित विद्यापीठांच्याच पदरात का पडावी? दोन्ही बाजूंना वजन होते, म्हणून वाद पाच वर्षे चालला. १९४७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, विधेयक मंजूर केले, पण संस्थेचा संचालक राष्ट्राध्यक्षाला उत्तरदायी नाही, या कारणावरून ट्रुमन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. अखेर १० मे १९५० रोजी, देशाच्या दौऱ्यावर असताना, आयडाहो राज्यातल्या पोकाटेलो गावी त्यांनी सुधारित कायद्यावर सही केली. संचालक राष्ट्राध्यक्षाने नेमायचा, सिनेटची संमती घ्यायची, मुदत सहा वर्षांची. आणि धोरणावर नजर ठेवायला २४ सदस्यांचे नॅशनल सायन्स बोर्ड, अशी तडजोड झाली.

सुरुवात मात्र अगदीच बेताची होती. पहिले संचालक ॲलन वॉटरमन यांच्या हाती १९५२ या आर्थिक वर्षासाठी ३५ लाख डॉलर आले. दिवस पालटले ते सोव्हिएत रशियामुळे. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. १९५८ मध्ये एनएसएफला ४ कोटी डॉलर होते, ते पुढच्याच वर्षी १३ कोटी ४० लाख झाले. बुश यांच्या सुंदर युक्तिवादाला जे साधले नाही, ते बीप-बीप करणाऱ्या एका धातूच्या गोळ्याने साधले. किल्गोर यांचा मुद्दाही वाया गेला नाही. १९७९ मध्ये एनएसएफने संशोधनात मागे पडलेल्या राज्यांसाठी वेगळी योजना काढली. त्यातल्या पहिल्या पाच राज्यांत वेस्ट व्हर्जिनिया होते.

आता या तिजोरीचे कुलूप उघडते कसे, ते पाहण्यासारखे आहे. संशोधक आपली कल्पना १५ पानांत मांडतो: प्रश्न कोणता, आजवर काय झाले, मी काय करणार, कसे करणार. सोबत खर्चाचा तपशील. कागदोपत्री अर्ज विद्यापीठाचा असतो आणि पैसाही विद्यापीठाच्या खात्यात जातो. प्रस्ताव पोहोचतो त्या विषयाच्या 'प्रोग्रॅम ऑफिसर'कडे. हा नुसता कारकून नसतो, स्वतः संशोधक असतो. अनेक जण तर विद्यापीठातून एक-दोन वर्षांसाठी उसने आलेले असतात आणि मुदत संपली की परत जाऊन स्वतःच अर्जदारांच्या रांगेत उभे राहतात. हा अधिकारी प्रस्ताव त्या विषयातल्या काही तज्ज्ञांना वाचायला देतो किंवा दहा-पंधरा जणांचे मंडळ बसवतो. अर्जदार ज्याचा सहकारी, माजी विद्यार्थी वा गुरू असेल, त्या तज्ज्ञाने चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जायचे, हा दंडक.

श्रेणी पाच: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. चारातला एकच प्रस्ताव मंजूर होणार असल्याने 'गुड' म्हणजे व्यवहारात नापासच. कसोट्या दोन: कल्पनेत बौद्धिक कस किती, आणि समाजाला, शिक्षणाला त्यातून काय मिळणार. अर्जदाराला साधारण सहा महिन्यांत निकाल कळतो आणि तज्ज्ञांचे अभिप्राय जसेच्या तसे, फक्त नावे झाकून, हाती येतात. नाकारला गेलेला माणूस शिव्या घालतो, मग आठवड्याभराने तेच अभिप्राय पुन्हा वाचून नवा मसुदा लिहायला बसतो. या फुकटच्या शिकवणीची किंमत कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

मिळालेल्या पैशाचा मोठा भाग माणसांवर खर्च होतो: पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे विद्यावेतन, नुकत्याच पदवी घेतलेल्या संशोधकांचे पगार. मग उपकरणे, प्रवास, आणि वीज-इमारत-लेखा विभागापोटी विद्यापीठाचा ओव्हरहेड. अनुदान बहुधा तीन वर्षांचे असते. वर्षाला अहवाल द्यावा लागतो, पण ठरवलेले उत्तर सापडले नाही म्हणून कोणी पैसे परत मागत नाही.

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती आतली माणसेही कबूल करतात. दहा शहाणी माणसे एकत्र बसली की वेडगळ कल्पना मागे पडते; सर्वांना थोडीथोडी पटणारी, सुरक्षित कल्पना पुढे सरकते. त्यावर उतारा म्हणून मंडळाचे मत फक्त सल्ल्यापुरते ठेवले आहे, शिफारस प्रोग्रॅम ऑफिसर करतो. शिवाय धाडसी कल्पनांना बाहेरच्या परीक्षणाशिवाय छोटी रक्कम देण्याची 'ईगर' ही योजना आहे, आणि भूकंप, पूर, साथ अशा प्रसंगी पुरावा नाहीसा होण्याआधी संशोधक तिथे पोहोचावा म्हणून 'रॅपिड' ही दुसरी.

अशा पैशातून काय निघते? १९६० च्या दशकात इंडियाना विद्यापीठातले टॉमस ब्रॉक यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या उकळत्या झऱ्यांभोवती फिरत होते. एवढ्या गरम पाण्यात सूक्ष्मजीव राहतात तरी कसे, एवढीच त्यांची जिज्ञासा, आणि तिला एनएसएफचा आधार. १९६६ मध्ये मशरूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यातून घेतलेल्या नमुन्यातून त्यांनी आणि हडसन फ्रीझ या पदवीच्या विद्यार्थ्याने ७० अंश सेल्सिअसला मजेत वाढणारा एक जिवाणू वेगळा केला. त्याला 'थर्मस ॲक्वाटिकस' असे नाव दिले, १९६९ मध्ये शोधनिबंध छापला आणि कुणालाही मागवता यावा म्हणून जिवाणूंच्या सार्वजनिक संग्रहात त्याचा नमुना ठेवून दिला.

पुढे १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीतले कॅरी मलिस डीएनएच्या लाखो प्रती काढण्याची युक्ती शोधत होते. प्रत्येक फेरीत डीएनएचे दोन धागे सुटे करायला मिश्रण ९५ अंशांपर्यंत तापवावे लागे. त्या उष्णतेने प्रती काढणारे विकर मरून जाई, म्हणून दर फेरीला ते नव्याने घालावे लागे. उकळत्या झऱ्यातल्या जिवाणूचे विकर मात्र तग धरून राहिले. मग सगळी प्रक्रिया यंत्रावर टाकता आली. हीच पीसीआर. तिच्यासाठी मलिस यांना १९९३ चे नोबेल मिळाले. त्याआधी १९९१ मध्येच पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरना विकले गेले होते. कोविडच्या दिवसांत नाकात काडी घालून घेतलेला स्वॅब ज्या चाचणीला जाई, ती याच प्रक्रियेवर चालते. ब्रॉक यांच्या डोक्यात रोगनिदान नव्हते, आणि नव्हते हेच बरे; असते तर त्यांनी रुग्णालयात नमुने शोधले असते, झऱ्यात नव्हे.

अर्थात प्रत्येक झऱ्यात पीसीआर सापडत नाही. १९७५ मध्ये विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी सरकारी उधळपट्टीसाठी 'गोल्डन फ्लीस' नावाचा उपहासाचा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान एनएसएफला दिला. माणसे प्रेमात का पडतात, याच्या अभ्यासाला ८४ हजार डॉलर दिले होते, हा गुन्हा. लोक खूप हसले. त्या अभ्यासातल्या एलेन बर्शाइड आणि इलेन हॅटफिल्ड यांचे काम पुढे नातेसंबंधांच्या मानसशास्त्रातले पायाभूत काम ठरले, हे फार थोड्यांच्या कानावर गेले. मला प्रॉक्समायर यांचा राग येत नाही. करदात्याच्या वतीने 'हे कशाला?' असे विचारणे हे लोकप्रतिनिधीचे कामच आहे. चूक एवढीच, की त्यांनी प्रस्तावाचा फक्त मथळा वाचून प्रश्न विचारला. २०१२ मध्ये काही लोकप्रतिनिधी आणि विज्ञानसंस्थांनी मिळून 'गोल्डन गूज' हा उलट पुरस्कार काढला: हास्यास्पद वाटलेल्या पण पुढे फळलेल्या संशोधनासाठी. दुसऱ्या वर्षी तो ब्रॉक आणि फ्रीझ यांना मिळाला.

इंटरनेटची गोष्ट तर सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात. १९८० च्या दशकाच्या मध्याला एनएसएफने आपल्या महासंगणक केंद्रांना जोडणारे एनएसएफनेट उभारले. त्यावरून व्यापारी वाहतुकीला बंदी होती. ३० एप्रिल १९९५ ला ते बंद करून खासगी कंपन्यांकडे मैदान सोपवले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. स्टॅनफर्डमध्ये सर्गे ब्रिन एनएसएफच्या फेलोशिपवर शिकत होते आणि लॅरी पेज यांचे काम एनएसएफच्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पाखाली चालले होते. त्यातून गूगल आले.

पण एनएसएफचा खरा कस लागला तो लायगो या गुरुत्वीय लहरी पकडण्याच्या प्रकल्पात. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतानुसार प्रचंड वस्तुमाने एकमेकांभोवती फिरून आदळली, की अवकाशच थरथरते. ही थरथर, म्हणजेच गुरुत्वीय लहर, पृथ्वीवर मोजता येईल का? १९७२ मध्ये एमआयटीतल्या रेनर वाइस यांनी त्यासाठी लेसरचा उपाय तपशीलवार मांडला, कुठल्या मोठ्या नियतकालिकात नव्हे, तर संस्थेच्या अंतर्गत अहवालात. १९७५ मध्ये एनएसएफने त्यांना पहिली छोटी रक्कम दिली. पुढे कॅल्टेकचे किप थॉर्न आणि रोनाल्ड ड्रेव्हर सामील झाले. मोजायची होती ती हालचाल प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढी, तीही ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये. समुद्राच्या लाटा, दूरचे भूकंप, जवळून जाणारा ट्रक, सगळे त्याहून कितीतरी मोठे.

इथे एका प्रोग्रॅम ऑफिसरचे नाव घेतलेच पाहिजे. रिचर्ड आयझॅक्सन हे स्वतः गुरुत्वीय लहरींवर पीएचडी केलेले. १९७० च्या दशकापासून एनएसएफमध्ये गुरुत्वाकर्षणाचा विभाग त्यांच्याकडे होता. वर्षामागून वर्षे ते ही कल्पना वरिष्ठांपुढे, बोर्डापुढे मांडत राहिले. मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ विरोधात होते. १९९१ मध्ये काँग्रेसपुढे साक्षी झाल्या, की एवढ्या पैशात कितीतरी भरवशाच्या दुर्बिणी होतील. तो आक्षेप अवाजवी नव्हता. पण १९९० मध्ये बोर्डाने मंजुरी दिली होती; १९९२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातले हॅनफर्ड आणि लुइझियानातले लिव्हिंगस्टन या जागा ठरल्या. काम रखडले तेव्हा १९९४ मध्ये बॅरी बॅरिश यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी शास्त्रज्ञांच्या टोळीचा शिस्तबद्ध प्रकल्प केला.

आणि मग २००२ ते २०१० यंत्र चालले. हाती काहीच लागले नाही. आठ वर्षे शून्य. बहुतेक सरकारी खात्यांत यानंतर चौकशी समिती बसली असती. इथे मूळ आराखड्यातच लिहिले होते, की पहिले यंत्र तंत्र शिकण्यासाठी, दुसरे लहरी पकडण्यासाठी. २००८ मध्ये सुधारित यंत्रासाठी एनएसएफचे आणखी २० कोटी ५० लाख डॉलर मंजूर झालेलेच होते. १४ सप्टेंबर २०१५ ला, अधिकृत निरीक्षणे सुरू होण्याच्या काही दिवस आधी, चाचणी चालू असतानाच लहर आली. लिव्हिंगस्टनला आधी, मग सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. १.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती आणि त्या क्षणात तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने उधळले गेले होते. २०१७ चे नोबेल वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना मिळाले. ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. तोवर चाळीस वर्षांत एनएसएफचे सुमारे १.१ अब्ज डॉलर खर्च झाले होते. निवडणुका दर दोन वर्षांनी होणाऱ्या देशात हा धीर टिकला, याचे मला त्या लहरीइतकेच नवल वाटते.

तो धीर कायमचा मात्र नाही. २०२५ च्या वसंतात एनएसएफने आधीच दिलेली एक हजाराहून अधिक अनुदाने मध्येच रद्द केली. चेन्नईत वाढलेले संचालक सेतुरामन पंचनाथन एप्रिलमध्ये मुदत संपण्याआधी पायउतार झाले. मे महिन्यात प्रशासनाने संस्थेची पुढल्या वर्षाची तरतूद ४ अब्ज डॉलरच्या आत आणावी आणि लायगोचे दोनांतले एक केंद्र बंद करावे, असा प्रस्ताव काँग्रेसपुढे ठेवला. पैशाचा अंतिम निर्णय काँग्रेस घेते, हे खरे. पण एका केंद्राने काम भागेल ही समजूतच चुकीची. लहर खरी की जवळपासची धडधड, हे दोन दूरच्या जागी तोच आकार उमटला तरच कळते.

दोन केंद्रांनाही लहर कुठल्या दिशेने आली हे नीट सांगता येत नाही. २०१५ ची घटना आकाशाच्या शेकडो चौरस अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी, इतकेच समजले. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतले व्हर्गो केंद्र जोडीला होते, तेव्हा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा ३० चौरस अंशांच्या आसपास आवळता आली आणि ११ तासांच्या आत दुर्बिणींनी ती एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत प्रत्यक्ष पाहिली. म्हणून पृथ्वीवर आणखी एक केंद्र, तेही अमेरिकेपासून खूप दूर, हवे होते.

ते महाराष्ट्रात होत आहे. लहरीचा आकार आधी गणिताने मांडून गोंगाटातून ती कशी वेचायची, यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ पासूनच निबंध लिहिले होते, त्यामुळे भारत या कामात नवखा नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली. ३१ मार्चला वॉशिंग्टनमध्ये एनएसएफ आणि भारताच्या अणुऊर्जा व विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचा करार झाला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची जागा भूकंपाच्या आणि रहदारीच्या दृष्टीने शांत म्हणून निवडली गेली. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. त्याच वर्षी भारताने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदाही केला. बुश यांनी १९४५ मध्ये सुचवलेल्या संस्थेचे नाव नॅशनल रिसर्च फाउंडेशनच होते.

हिंगोलीच्या व्यवहारात पैशाची देवाणघेवाण नाही. एनएसएफच्या खर्चाने बनलेला आणि हॅनफर्डमध्ये दुसऱ्या यंत्रासाठी योजलेला लेसर-आरशांचा तिसरा संच अमेरिका देते. जमीन, इमारती, ४ किलोमीटरच्या निर्वात नळ्या आणि यंत्र चालवणारी माणसे भारताची. गांधीनगर आणि इंदूरच्या संस्थांकडे निर्वात यंत्रणा, लेसर आणि यंत्रणेची जुळणी, आयुकाकडे जागेची निवड, मनुष्यबळ आणि विदा-विश्लेषण. निरीक्षणे २०३० च्या सुमारास सुरू व्हावीत, असा सरकारचा अंदाज आहे.